मळकं किचन

फेमिंगला किळस पटकन यायची, आणि आली की ती लपवत नसे. बाजारात कोळणीने शिळ्या माशावर पाणी मारलेलं दिसलं, की "हा काल मेला की परवा?" असं ती चारचौघांत विचारायची. अठ्ठावन्न वर्षांची, काटकुळी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. गिम्बाल गावच्या किनाऱ्यावर लग्न असो, जत्रा असो की मयत, मोठ्या पातेल्यापाशी फेमिंग आणि तिची म्हातारी आई दोलोर असायच्याच. काळसर तुरीचे दाणे, कोवळा फणस, डुकराचे पाय आणि आंबटाला बतुआनची हिरवी फळं, असं त्यांच्या हातचं कालवण खाऊन माणसं बोटं चाटत घरी जायची.

त्या आईला पुरून काही दिवस झाले होते, घरात नवव्या दिवसापर्यंतची प्रार्थना चालली होती, आणि फेमिंगला ज्याची त्याची किळस येत होती.

शेवटी शेवटी म्हातारीला श्वास पुरत नव्हता. इलोइलो शहराच्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "आजी दिवसाला किती सिगारेटी ओढतात?"

"एकही नाही," फेमिंग म्हणाली. "चूल फुंकते."

डॉक्टरने मान हलवली. फुप्फुसं धुरानेच गेली म्हणाला, आता फार काही करता येणार नाही. परत येताना जीपनी या भाड्याच्या गाडीत आईने फेमिंगचा हात घट्ट धरला. "तोतोला सांगायचं नाही हं. तिकडे समुद्रात जिवाला घोर लावून घेईल."

तोतो म्हणजे नेमेसियो, फेमिंगचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटून जहाजावरचा मोठा इंजिनिअर झाला तरी घरात तो तोतोच, म्हणजे बाळ्याच. बाप समुद्रात बुडाला तेव्हा फेमिंगने शाळा सोडली, आईच्या शेजारी चुलीपाशी बसली, आणि त्या चुलीवर तोतो शिकला. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तोतोनेही पैका मिळाल्यावर पहिलं काम केलं ते घर बांधण्याचं, आणि आईला आणि बहिणीला त्यात सन्मानाने आणलं. आत फरशीचं, पांढऱ्या कपाटांचं स्वच्छ किचन. मागे पत्र्याखाली मळकं किचन. त्या भागात ज्याच्याकडे चार पैसे आले त्याच्या घरी ही दोन किचनं असतातच. मळक्यात शिजवायचं आणि स्वच्छ दाखवायचं, यात कुणाला काही गैर वाटत नाही.

दर सफरीनंतर तोतोकडून खोकी यायची. रॉटरडॅमचा विजेचा प्रेशर कुकर, सिंगापूरचा एअर फ्रायर, ओव्हन, इंडक्शनची शेगडी. अमेरिकेतून आलेला मिक्सर लावल्या लावल्या फाटकन जळाला, कारण तिकडची वीज वेगळी. तेव्हापासून तोतोची बायको ग्लेंडा हिने बाकीच्या यंत्रांना कुणाला हात लावू दिला नाही. नवरा येऊन विचारेल याची तिला धास्ती. प्रत्येक यंत्रावर तिने क्रोशाची टोपी विणून घातली. एअर फ्रायरवर चिकटवलेलं प्लास्टिकसुद्धा तिने सोलू दिलं नाही. आत मासा तळायचा नाही, पडद्यांना वास लागतो. भाताचा कुकर तेवढा वापरात, तोही इथल्याच बाजारातला म्हणून.

एकट्या ग्लेंडाला नावं ठेवून मात्र भागत नाही. दोलोर स्वतः रोज सकाळी त्या टोप्या झटकायची. पाहुणे आले की एकेक टोपी उचलून दाखवायची, "हा माझ्या तोतोने पाठवला. अर्ध्या तासात हाडं मऊ करतो म्हणे!" आणि मग खोकत खोकत मागे जाऊन नारळाच्या ओल्या झावळ्यांशी झटापट करत चूल पेटवायची.

"नानाय, एकदा लावून तर बघू," फेमिंग आईला म्हणायची.

"तोतो कायमचा घरी येईल तेव्हा लावू. तोवर कशाला खराब करायचं?"

या हट्टाचाही फेमिंगला संताप यायचा. पण मेलेल्या आईवर संतापून करायचं काय, म्हणून ती गप्प होती.

तोतोसमोरही ती गप्पच राहिली असती. पण एका संध्याकाळी प्रार्थना संपली, कॉफी फिरली, आणि तोतो उभा राहून बोलायला लागला. पांढरा शर्ट, हातात रुमाल.

"जगभर हिंडलो मी. कुठकुठलं खाल्लं. पण नानायच्या कालवणातली ती धुराची चव! अहो, तशी कुठे मिळाली नाही. ती चव म्हणजेच नानाय." त्याने रुमाल डोळ्यांना लावला. बायका डोळे पुसायला लागल्या. "नवव्या दिवशी तेच कालवण व्हायला पाहिजे. लाकडावरचं. आणि मी ठरवलंय, मागचं किचन मोठं करायचं, चार चुली घालायच्या. निवृत्त झालो की नानायच्या नावाने खानावळ काढू. माणसं मनिलाहून येतील या धुरासाठी. स्वयंपाकाला मनांग फेमिंग आहेच."

मनांग म्हणजे ताई; गावातल्या थोरल्या बायकांनाही तेच म्हणतात. प्रार्थना सांगणारी मनांग तेक्ला जिभेची तिखट. ती म्हणाली, "तिला विचारलंस का रे बाबा?"

"तिला काय विचारायचं? चुलीशिवाय तिला करमतं का?"

सगळे हसले. फेमिंग उठून मागच्या दाराने बाहेर गेली आणि थुंकली. नाताळापासून तिला खोकला होता. सकाळी पडणारा कफ राखेच्या रंगाचा असायचा, तो ती रुमालात गुंडाळून स्वतःच धुऊन टाकायची. तिला समोर दिसत होतं ते असं: नववा दिवस उरकला की तोतो जहाजावर जाणार, जाताना जे बोलून जाईल तो या घरातला कायदा, आणि ग्लेंडा तो पुढच्या सुट्टीपर्यंत राबवणार. म्हणजे आईच्या जागी ती. आईच्या पाटावर, आईच्या धुरात, आईसारखीच. आणि वर चार चुली. तिला इतकी शिसारी आली, की तिने पुन्हा एकदा थुंकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडा फुलं आणायला इलोइलोला गेली. फेमिंगने कुकरवरची टोपी उचलली आणि कपाटात कोंबली. सूचनांचं पुस्तक डच भाषेत होतं, ते तिने बाजूला सारलं. चुलीवर घालायची तेवढंच पाणी घातलं, सगळं एकदम आत टाकलं, झाकण लावलं. उघडलं तेव्हा आत करड्या पाण्यात फणसाचा लगदा तरंगत होता आणि तुरीचे दाणे मात्र दगडासारखे. "शी! हे काय ओकल्यासारखं!" शेजारच्या डुकराला घातलं. त्याने आनंदाने खाल्लं, पण त्याचं काय घेऊन बसायचं.

मग ती तिथेच पांढऱ्या ओट्याला टेकून विचार करत उभी राहिली. इथे वाफ जात नाही, म्हणजे पाणी निम्मं पुरे. आंबटाने दाणा आखडतो, म्हणजे बतुआन शेवटी. फणस दाब उतरल्यावर. दुसऱ्यांदा केलं तेव्हा रस्सा जांभळट काळा, दाट उतरला, पायाचं मांस हाडावरून आपोआप सुटलं. तिने चाखलं. धुराची चव नव्हती. दुसरं काहीच कमी नव्हतं. आणि करताना ती एकदाही खोकली नव्हती. तिला वाटलं, हे भांडं इथे टोपी घालून बसलेलं होतं, आणि बारा पावलांवर आई फुंकणी घेऊन धापा टाकत होती. तिला त्या चकचकीत ओट्याचीच किळस आली.

नवव्या दिवशी ती सकाळपासून स्वच्छ किचनमध्ये. कुकर चार वेळा लावला. एअर फ्रायरचं प्लास्टिक टरकावून काढलं आणि त्यात डुकराच्या पोटाचे तुकडे कुरकुरीत करत ठेवले. लसूण, चरबी, सगळ्या घरात घमघमाट. ग्लेंडा धावत आली.

"अहो मनांग! हे काय मांडलंय? पडदे बघा, पडदे! आणि ह्यांना विचारलंत का? जळलं काही तर मला बोलतील ते!"

"जळलं तर माझं नाव सांग."

"पण मागे चूल आहे ना चांगली!"

"चांगली आहे तर तू जाऊन बस तिच्यापुढे. जागा रिकामी झालीये."

ग्लेंडाने तोंडावर हात ठेवला आणि ती निघून गेली.

जेवणं सुरू झाली. मनांग तेक्लाने तिसऱ्यांदा भात मागितला आणि "दात नसलेल्यांचीही सोय केलीस गं, फेमिंग," म्हणून पायाचं हाड चोखत बसली. सगळे मन लावून जेवत होते. तोतोने पहिला घास घेतला, जरा थांबला, दुसरा घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मनांग, हे काय आहे?"

"कालवण."

"नानायचं नाही हे. धूर कुठाय?"

"नानायबरोबर पुरला," फेमिंग म्हणाली. "तिच्या छातीत होता सगळा."

तोतोने ताट बाजूला सारलं. "म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं धुराने गेली. तुला कळवू नकोस म्हणून तिने माझा हात धरला होता. मी पाळलं. तू उभा राहून लोकांना धुराच्या गोष्टी सांगायला लागलास तेव्हा माझ्याने राहवेना. जी चव तू मिटक्या मारत आठवतोस ना, तिनेच नानाय मेली. मला किळस येते रे तोतो. तुझी, या घराची, माझी, सगळ्यांची."

तोतोचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. "गावातल्या सगळ्या बायका चुलीवर करतात! सगळ्या मरतात का? म्हातारी झाली होती ती."

"बरं. मी उद्यापासून इथे आत शिजवणार. पडदे धुवायचे तर धुवा, नाहीतर काढून टाका. आणि खानावळ काढायची असेल तर चुलीपाशी तू बसायचं."

"बसतो की! तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात काढली मी. धुराचं मला सांगू नकोस. थांब, आत्ता करून दाखवतो." तो बाह्या सरसावत मागच्या दाराने बाहेर पडला. पाहुण्यांनी ताटात डोळे घातले. फेमिंग त्याच्या मागोमाग गेली.

मळक्या किचनला दोन बाजूंनी पत्रा, तिसऱ्या बाजूला घराची भिंत, चौथ्या बाजूला लाकडांची रास. लाकडांमधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि भिंतीत घरात जायचं दार. तोतो आईच्या बुटक्या पाटावर बसला. गुडघे छातीला लागले. झावळ्या रात्रीच्या दवाने ओल्या. त्याने काडी लावली, विझली. पुन्हा लावली आणि वाकून फुंकर घातली. पिवळा, जड धूर उठला, पत्र्याला धडकला आणि खाली उतरला. तोतोने दुसरी फुंकर घातली. तिसरी घालायला श्वास घेतला तो धूरच आत गेला, आणि तो असा खोकायला लागला की त्याला पाटावरून उठता येईना. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. एक हात त्याने काजळीने चिकट झालेल्या पत्र्यावर टेकला आणि तो चटकन मागे घेतला.

फेमिंग लाकडांपाशी उभी होती. तिला दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात घराच्या बाजूने दार धाडकन लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. ग्लेंडा पुढच्या फाटकाशी पाहुण्यांच्या हाती शिदोरीच्या पुड्या देऊन नुकती परतली होती, नवरा कुठे आहे याचा तिला पत्ता नव्हता. आत धूर येताना दिसला आणि तिने नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं, इतकंच. दारामागून तिची कुरकुर ऐकू आली, "पाहुणे घरात असताना कुणाला सुचतं हे पेटवायचं!"

तोतोने दारावर थाप मारली. "ग्लेंडा! अगं मी आहे!" आत पंखे फिरत होते, माणसं बोलत होती. कुणी ऐकलं नाही. त्याने पुन्हा थाप मारली, आणि मग हात तसाच दारावर ठेवून तो खोकत उभा राहिला.

"हे दार ती रोज लावते?"

"चूल पेटली की लावते."

"आणि नानाय?"

"नानाय इथे. संपलं की घराला वळसा घालून पुढून यायची."

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. बाही काळी झाली. त्या बंद दाराकडे बघत तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला.

"आणि मी पाठवलेली ती सगळी भांडी, मनांग?"

"ती दाराच्या त्या बाजूला होती," फेमिंग म्हणाली.