चादरी संपल्यावरचं गाणं

औषधाच्या दुकानात खोकल्याची बाटली घ्यायला आलेला माणूस बाटलीबरोबर एक मतही घेऊन बाहेर पडे. मत बहुधा संगीत नाटकाबद्दल असे. काउंटरमागच्या बाई गोळ्यांची पट्टी कात्रीने कापता कापता सांगत, की नव्या नाटकातला नायक गातो बरा, पण गाताना बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहतो. किंवा परवा टीव्हीवर दाखवलं ते नाटक नव्हतं, नाकांचं प्रदर्शन होतं. गाणं पायापासून वर चढतं आणि टीव्हीवाले पायच दाखवत नाहीत, हे त्यांचं जुनं म्हणणं. ‘जेवणानंतर घ्या’ हेही त्या त्याच सुरात सांगत, त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकाला नक्की काय घ्यायचं ते पुन्हा विचारावं लागे.

नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडणारी माणसं त्यांना ‘वन्समोअर बाई’ म्हणत. गाणं संपल्यावर पहिला ‘वन्स मोअर’ बाल्कनीतून येई तो त्यांचा. तो कधी द्यायचा याचं त्यांचं गणित पक्कं होतं. शेवटचा सूर विरायच्या आत दिला तर गाण्याचा खून, टाळ्या भरात आल्यावर दिला तर कुणाला ऐकू जात नाही. आणि खोटा वन्स मोअर कधीच द्यायचा नाही. गायिका ओळखीची आहे म्हणून नाही, बिचारीने मेहनत घेतली म्हणून नाही. एकदा नणंदेची मुलगी रंगमंचावर गायली, तेव्हाही बाई हाताची घडी घालून बसून राहिल्या. नणंद वर्षभर बोलली नाही. बाईंच्या मते ते वर्ष चांगलं गेलं.

नवरा मात्र टीव्हीच्या पक्षाचा. आयुष्यभर उन्हात जमिनी मोजल्यावर आता त्याला सावलीतली खुर्ची हवी होती. तो म्हणे, “चहा आपला, खुर्ची आपली, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. नाक तर नाक, दिसतं तरी. तुझ्या बाल्कनीतून नायक कोण आणि खांब कोण, कळत नाही.”

“तुम्हाला खांबच आवडेल,” बाई म्हणत. “हलत नाही, बोलत नाही.”

अशा घरात बातमी आली, की पाहुणे उतरतात अशा खानावळीतल्या मोलकरणीचं, बाईंनी कितीदा पाहिलेलं संगीत नाटक बंद होतंय. मंडळी पांगणार होती. त्याआधी एक वाहिनी एक प्रयोग चित्रित करणार होती आणि पुढे जे काही उरणार ते तेवढंच. नेहमीच्या प्रेक्षकांना पास मिळाले. त्यावर ठळक अक्षरांत सूचना होती: वेळ ठरलेली असल्यामुळे कोणत्याही गाण्याला वन्स मोअर देऊ नये.

बाईंनी पास दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी दुकान मदतनीस मुलीवर सोपवून वाहिनीच्या कचेरीत गेल्या.

दिग्दर्शक तरुण होता आणि सभ्य होता. वाद घालायला ही जात सगळ्यात अवघड, कारण ती प्रत्येक वाक्यावर मान डोलावते. बाईंनी सांगितलं, की दुसऱ्या अंकातलं मोलकरणीचं गाणं दोनदा झालं नाही तर ते झालंच नाही. त्याने मान डोलावली. टीव्हीवर त्याची गरज नाही, असं तो म्हणाला.

“ज्याला पुन्हा ऐकायचंय तो रिमोटने मागे घेईल ना, काकू.”

“मागे घेतलं तर तेच गाणं परत येईल. वन्स मोअरला ते येत नाही. दुसरं येतं.”

दुसरं कसं, ते त्यांनी समजावलं. मोलकरीण गाताना चादरींच्या घड्या घालते. कोण पाहुणा कुठल्या खोलीत राहिला, कोण न सांगता निघून गेला, हे गात गात एकेक चादर रचत जाते. शेवटच्या शब्दाला शेवटची चादर ढिगावर पडते. मग वन्स मोअर येतो. चादरी तर संपलेल्या असतात. घड्या मोडून पुन्हा घालाव्यात इतकी वेडी ती नाही. मग ती रिकाम्या हातांनी उभी राहते आणि तेच शब्द गाते. पहिल्यांदा ते काम करणाऱ्या बाईचं गाणं असतं, दुसऱ्यांदा ते तिचं स्वतःचं होतं.

दिग्दर्शक म्हणाला, की त्याने तीन तालमी पाहिल्या, त्यात असं काही नव्हतं.

“तालमीत मागणार कोण? तुम्ही?”

तो हसला. गुरुवारच्या प्रयोगाला बाल्कनीत त्यांच्या शेजारी बसायचं त्याने कबूल केलं.

गुरुवारी नाट्यगृह अर्धं रिकामं होतं. वन्स मोअर आलाच तर एकट्या बाईंचाच येणार, हे पडदा उघडण्यापूर्वीच स्पष्ट होतं. दुसऱ्या अंकात मोलकरीण चादरी घेऊन आली आणि तिने पहिली ओळ म्हणताच बाईंच्या कपाळावर आठी पडली. टीव्हीचे साहेब आलेत हे गायिकेला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. साहेब पुढच्या रांगेत असतील अशी तिची समजूत झाली होती. हात चादरींवर, डोळे पहिल्या रांगेत. प्रत्येक हरकत ती त्या रांगेपुढे तबकात ठेवल्यासारखी ठेवत होती. त्या रांगेत एक गृहस्थ झोपले होते. साहेब वर, बाईंच्या शेजारी.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी झाल्या. दिग्दर्शकाने बाईंकडे पाहिलं. आज मागितलं नाही तर याला काही दिसणार नाही, आणि याला दिसलं नाही तर ते गाणं कायमचं गेलं, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. तोंड उघडायला फार काही लागत नव्हतं. त्यांनी हाताची घडी घातली. टाळ्या विरल्या, मोलकरीण चादरींचा ढीग उचलून आत गेली.

मध्यंतरात जिन्यावर दिग्दर्शकाने विचारलं, “काकू, एवढं बोलावून घेतलंत आणि गप्प का बसलात?”

“आज मागण्यासारखं नव्हतं.”

“पण तुमचा मुद्दा तर आजच सिद्ध करायचा होता.”

“माझ्या मुद्द्यासाठी तिला खोटं सांगू? उद्या ती तशीच गायला लागेल. मग तुम्ही चित्रित कराल ते काय कराल?”

यावर त्याने पहिल्यांदाच मान डोलावली नाही. त्याची समजूत होती, की ही बाई प्रत्येक प्रयोगाला सवयीने ओरडत असणार. सवयीने ओरडणारं माणूस आज हमखास ओरडलं असतं. शेवटी तो म्हणाला, की चित्रीकरणाच्या दिवशी त्या गाण्यानंतर तो कॅमेरे थांबवणार नाही. ते कार्यक्रमात राहील याची हमी मात्र देत नाही. “मागायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“ते मीच ठरवते,” बाई म्हणाल्या. “आणि तिला सांगा, पुढच्या रांगेत कुणी नाही.”

चित्रीकरणाला नाट्यगृह भरलं होतं, पण लोक पासवरची सूचना वाचून आलेले, परीक्षेला बसल्यासारखे. मोलकरीण आली. या वेळी तिचे डोळे चादरीवर होते. न सांगता गेलेल्या पाहुण्याच्या ओळीशी तिचा श्वास नेहमी कमी पडे. आज तिने तिथे घाई केली नाही. चादरीची कड जुळवली, श्वास घेतला आणि मग ओळ म्हटली. शेवटची चादर शेवटच्या शब्दावर पडली. बाईंनी सूर विरू दिला.

“वन्स मोअर!”

जिन्याशी कानावर यंत्र लावलेला वाहिनीचा एक पोरगा गर्रकन वळला आणि त्याने बोट उगारलं. मग यंत्रातून त्याला काहीतरी ऐकू आलं असावं, कारण बोट खाली गेलं. तोवर दोन्ही बाजूंनी लोक ओरडू लागले होते. मोलकरणीने घड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, हात खाली सोडले आणि गायला लागली.

कार्यक्रम लागला तेव्हा बाई नवऱ्याच्या शेजारी ताठ बसल्या. मोलकरणीचं पहिल्यांदाचं गाणं त्यांच्या भीतीप्रमाणेच झालं: डोळा, हनुवटी, पुन्हा डोळा, चादरी कुठेच नाहीत. मग टीव्हीतून बाईंचाच ‘वन्स मोअर’ आला आणि नवरा दचकून त्यांच्याकडे बघायला लागला. पुढचं चित्र वेगळंच होतं. दुसऱ्यांदाच्या गाण्यासाठी कॅमेऱ्यांना काहीच नेमून दिलेलं नव्हतं, म्हणून दिग्दर्शकाने फक्त बाल्कनीतला कॅमेरा चालू ठेवला होता. तो शेवटपर्यंत हलला नाही. पूर्ण रंगमंच, चादरींचा ढीग, शेजारी रिकाम्या हातांची मोलकरीण, पायांसकट.

“ही मघाचीच ना गं?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“बघा,” बाई म्हणाल्या.

सकाळी दुकानात दिग्दर्शकाचा फोन आला. कसं वाटलं, असं त्याने विचारलं. बाईंनी पहिल्या अंकातला अंधार काढला, नायकाचं नाक काढलं, पहिल्या गाण्यात चादरी गायब केल्याबद्दल त्याला चांगलं सुनावलं. मग त्याने दुसऱ्यांदाच्या गाण्याचं विचारलं.

“त्यात तुम्ही काही केलं नाहीत,” बाई म्हणाल्या, “ते बरं केलंत.”

काउंटरवर माणूस उभा होता, म्हणून त्यांनी फोन ठेवला.