सुया वेचायचं चुंबक

बटण दाबलं, बारीक दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. माझ्या नातीने पुन्हा दाबलं. काळाच. अकराला तिची नोकरीची मुलाखत होती, ती याच लॅपटॉपवरून द्यायची होती, आणि साडेदहा होऊन गेले होते. लॅपटॉप कालच जालन्याहून आणलेला, कोरा. रात्री पलंगावर बसून तिने तो चांगला चालवला होता.

"आजी, तू कुंकू लावलं ना याला!"

"नव्या वस्तूला लावतातच. झाकणावर लावलं, त्याच्या तोंडात न्हाई घातलं."

माझी सून, पोरीची आई, देवापुढे हात जोडून उभी राहिली. मी म्हणाले, "देवाला काय सांगून राह्यलीस? दुकानात फोन लाव." आमच्या भोकरदनहून तिला जालन्याच्या दुकानाचा फोन लागेना. मंग नातीने मैत्रिणीला लावला. मैत्रीण संगणक शिकलेली. ती फोनवरून सांगत गेली. चार्जर काढ, बटण बराच वेळ दाबून धर, सोड, परत लाव. पोरीच्या बोटांना घाम सुटला होता, बटणावरून बोट घसरत होतं. पडदा काळाच.

लॅपटॉप माझ्या शिलाई मशीनवर होता. आमच्या घरात खुर्चीसमोर ठेवायला तेवढीच जागा. मशीन आत पाडून वर टॉवेल अंथरला होता. खालून टॉवेलची ओल गेली का बघायला नातीने तो उचलून मांडीवर घेतला, अन् पडदा उजळला.

"आलं गं बाई!" सून ओरडली.

खाली ठेवला, गेला. उचलला, आला.

मैत्रीण फोनवर म्हणाली, "खाली चुंबक-बिंबक आहे का गं?"

मी टॉवेल ओढला. खाली माझं सुया वेचायचं चुंबक, जुन्या रेडिओतून काढलेलं, रुपयाएवढं. दोन सुया चिकटलेल्या. मैत्रिणीने सांगितलं, झाकण मिटलं हे लॅपटॉपला झाकणातल्या चुंबकावरूनच कळतं. माझ्या चुंबकामुळे त्याला वाटत होतं, आपल्याला मिटलं. म्हणून तो झोपत होता.

मला खरं वाटेना. मी चुंबक हातात घेऊन त्याच्या कडेला नेलं. न लावता. पडदा गेला. हात मागे घेतला, पडदा आला. जन्मभर मी या तुकड्याने सुया वेचल्या. तो सुईला ओढतो एवढंच मला ठाऊक. मधल्या मोकळ्या हवेतून हुकूम जातो, आणि ते यंत्र ऐकतं, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा हात पुढे केला.

"आजी, बस झालं! अकरा वाजून राह्यले!"

मी चुंबक परसात नेऊन ठेवलं. मुलाखत वेळेवर सुरू झाली. नोकरी लागली.