शेवट आधी वाचणाऱ्या गिरणीकाकू

गिरणीकाकू पुस्तक मागच्या बाजूनं उघडायच्या. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या लायब्ररीत, कपाटासमोर उभ्याउभ्या, अंगातला जाड कोटही न काढता शेवटची दहा पानं वाचून काढायच्या. नायक-नायिकेचं लग्न होत असेल तर पुस्तक घरी, नाहीतर परत कपाटात. "चारशे पानं जीव टांगणीला लावायचा आणि शेवटी ती न्यूमोनियानं मरणार? सांगितलंय कुणी!"

कादंबऱ्या सगळ्या एकाच वळणाच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, कापडगिरण्या, धूर, संप, आणि गिरणीमालकाची मुलगी नेमकी विणकराच्या प्रेमात. शनिवारी मराठी मंडळी कुणाकडे तरी आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमली की पुरुष ग्रीन कार्डावर बोलत बसायचे आणि काकू स्वयंपाकघरात गोष्ट सांगत रडायच्या. काका डॉक्टर होते. "हिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, फक्त गिरणी आहे," असं ते नव्या माणसाला समजावून सांगत. तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच गिरणीकाकू.

मी तेव्हा नवा, जवळच्याच एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर. पहिल्याच शनिवारी काकूंनी विचारलं, "वडील काय करतात रे?"

"लालबागला गिरणीत विणकर आहेत. सध्या संपावर."

मला वाटलं, झालं, आता पुढचं आमंत्रण नाही. काकूंनी हातातलं पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं. "खरे विणकर?" त्यांनी विचारलं, आणि मला सोफ्यावर मधोमध बसवलं.

त्या दिवसापासून माझा भाव वधारला. इतरांना एक गुलाबजाम, मला दोन. "मागावरचा धोटा उडाला तर खरंच डोळा जातो का रे?" "आवाजानं कान जातात म्हणे, मग तुझी आई हाक कशी मारायची?" मला माहीत होतं ते सांगायचो, नसेल ते बनवायचो. काकूंचे डोळे भरून यायचे. "माणसानं माणूस बघावं, घर बघू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य मी तिथंच, दुसरा गुलाबजाम खाताना, पहिल्यांदा ऐकलं. आणि गाढवासारखं खरं मानलं.

त्यांची मुलगी मीनल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मला गाडी चालवायला तिनंच शिकवलं. मला लायसन्स मिळेपर्यंत आमचं लग्नाचं ठरूनही गेलं होतं. काकूंना सांगायला गेलो तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. अहो, अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये माझ्याइतका लायक जावई त्यांना मिळणार कुठून? विणकराचा सख्खा मुलगा!

काकूंनी गॅस बंद केला. बराच वेळ ओटा पुसला. मग म्हणाल्या, "तू मुलगा सोन्यासारखा आहेस रे. पण हे नाही जमायचं."

मीनल ताडकन उठली. "आई, यू क्राइड फॉर द वीव्हर! लास्ट वीक!"

"ते पुस्तकात," काकू म्हणाल्या. "पुस्तकातल्या आईला पुण्याला माहेरी पत्र लिहावं लागत नाही. काय लिहू मी दादांना? व्याही कामगार आहेत, चाळीत राहतात?" आणि ढसाढसा रडल्या. निघताना माझ्या हातात लाडवांचा डबा दिला. मी तो घेतला, हे सांगायला आजही लाज वाटते.

त्यांच्या कादंबऱ्यांत अशा वेळी नायकाची श्रीमंत आत्या मरते आणि इस्टेट मागे ठेवते. मला आत्या तीन. तिन्ही ठणठणीत आणि तिन्ही चाळीत. मीनल महिनाभर भांडली. काकूंनी जेवण सोडलं, काकांचं बीपी वाढलं, आणि शेवटी ती थकली. मेडिकलला शिकागोला गेली. तिची पत्रं आधी लांब होती, मग आखूड झाली. नायकानं म्हणे धुक्यात उभं राहून भाषण करायचं असतं. मी दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला नोकरी शोधली. राग होता, स्वाभिमान होता, आणि हिंमत नव्हती.

पुढे मीनलच्या लग्नाची पत्रिका आली. नवरा सर्जन. पाकिटावरचं अक्षर काकूंचं. मी गेलो नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. "अरे, मी बोलतेय. धागा तुटला की विणकर माग थांबवतो ना?"

"थांबवतो, काकू." काय करणार? माझा आवाज आपोआप मऊ झाला. मला त्या आवडायच्या, अजूनही आवडत होत्या, आणि याचाच मला राग यायचा.

नवी कादंबरी होती. काकू सांगत सुटल्या. "आणि ती आई, कसली रे बाई ती! लोक काय म्हणतील म्हणून पोरीला दुसरीकडे दिली. घर मोठं, नवरा चांगला, नाव ठेवायला जागा नाही. पण पोरगी माहेरी येते, जेवते, आणि बोलतच नाही रे."

मी विचारलं, "म्हणजे त्या दोघांचं लग्न होत नाही?"

"नाही."

"शेवट आधी वाचला नव्हता का?"

"वाचला होता."

"आणि तरी घरी आणलीत?"

"आणली. सगळी वाचली, पहिल्या पानापासून." नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग."

इतकी वर्षं त्यांनी मला वडिलांबद्दल शंभर प्रश्न विचारले होते. नमस्कार कधी सांगितला नव्हता.