डावी चप्पल

माणसाला काचेच्या नळीत दीड तास झोपवायचं आणि आपण बाहेर बसायचं, ही माझी नोकरी. जळगावच्या एका हॉस्पिटलात मी ऑक्सिजन चेंबर चालवतो. आत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन असतो. बाहेर बसून किस्से आपोआप जमतात.

*

दीपनगरच्या वीज केंद्रातले एक साहेब आले, हाताच्या जखमेसाठी. सगळी नोकरी बॉयलरवर झालेली. आडवं होण्याआधी त्यांनी माझीच परीक्षा घेतली. गेज, व्हॉल्व, सगळं! मी पास झालो. दार लावताना म्हणाले, "मी आत झोपणार आहे. तुम्ही झोपू नका!"

*

मग असोद्याचे नाना. केळीचा घड कापताना डाव्या पायाला विळा लागला आणि मांस सडत वर चाललं. सर्जननी दोनदा सडका भाग काढला, अँटिबायोटिक्स चालूच होती. चेंबर ही जोडीची मदत. "तरी पाय जाऊ शकतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

चेंबर पाहून नाना मला म्हणाले, "भो, आम्ही केयी अशीच कोंडतो. पिकवाले!"

"दीड तासात काय पिकणार, नाना?"

ते झोपले.

*

आत तेलाचा थेंब चालत नाही, आग लागते. हे मी त्यांच्या बायकोला, अक्कांना, नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी नानांचं डोकं तेलाने चपचपीत!

"अक्का, काय सांगितलं होतं?"

"डोक्याले लावलं. पायाले थेंब नही!"

नानांना शाम्पू मी स्वतः लावला.

*

दाब वाढला की कानांना दडे बसतात. "विमानात होतं तसं होईल," मी सांगून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर नाना गावाकडे फोनवर, "हां, आताच उतरलो!"

*

नाना स्ट्रेचरवर यायचे, तरी अक्का पिशवीतून त्यांच्या दोन्ही चपला आणून दाराशी मांडायच्या. रोज. डाव्या चपलेकडे मला बघवत नसे. एकदा मी ती खुर्चीखाली सरकवली. नानांनी आतून काच ठोकली. मी इंटरकॉम घेतला.

"भो, तिले जागेवर ठेव."

ठेवली.

दोन बोटं गेली, पाय राहिला. जखम भरल्यावर शेवटचं दाखवायला आले, तेव्हा माझ्या खांद्याला धरून नानांनी चपला घातल्या. एक पाऊल टाकलं, खाली बघितलं.

"भो, डावी ढिली झाली."

अक्कांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"राहू द्या ढिली. चाला!"