भंगाराच्या खोक्यातली डिस्क

आमच्या घराची पुढची खोली मुळात फुलांची. मळ्यातून आलेला झेंडू आणि शेवंती तिथे ओतायची, निवडायची आणि पहाटे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात न्यायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटर हार्डवेअरच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन हजार सालानंतर नाशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले, रीतसर बिघडायलाही लागले, तेव्हा मी दुरुस्तीच्या दुकानाचा विषय काढला. सासरे म्हणाले, "बाईमाणूस पेचकस घेऊन बसणार, अन् लोक काम देणार?" नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघांकडे बघून मान हलवली आणि मोकळा झाला. एका दुपारी सासूबाईंनी फुलांच्या पाट्या उचलून मागच्या पडवीत नेल्या, खोली धुऊन काढली आणि म्हणाल्या, "घे. मांड तुझं."

सासऱ्यांनी अट घातली. दारात गिऱ्हाईक भांडत आलं, घराची अब्रू गेली, की खोलीत पुन्हा फुलं. ते बोलल्याप्रमाणे वागणारे आहेत हे मला माहीत होतं.

काम येत गेलं. गिऱ्हाइकं आधी "साहेब नाहीत का?" असं विचारायची, मग मीच साहेब म्हटल्यावर जरा दचकायची आणि मशीन ठेवून जायची. दुरुस्तीला आलेल्या हार्ड डिस्क मी फळीवर एका ओळीत ठेवायचे आणि प्रत्येकीवर सेलोटेपने चिठ्ठी लावायचे. त्यावर गिऱ्हाइकाचं गाव किंवा कामाचा प्रकार, इंग्रजीत. क्लासमध्ये लागलेली खोड, दुसरं कारण नाही. जी डिस्क कामातून गेली तिच्यावर ‘डेड’ लिहायचं आणि ती भंगाराच्या खोक्यात जायची. खोका भरला की भंगारवाला यायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे फुलबाजारात होतो. झेंडूच्या घरात त्या दिवशी माणूस घरी सापडत नाही. सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या एकट्या मागे राहिल्या, आणि खंडेनवमीची पूजा त्यांनीच केली. विळे, खुरपी, कात्र्या, औषध फवारायचा पंप, तराजू आणि या वर्षी माझ्या दुकानातली हत्यारंसुद्धा. मी रात्री दमून आले तर पेचकसांना, सोल्डरिंग गनला, फळीवरच्या डिस्कना हळदकुंकू लावलेलं, वर एकेक झेंडू. मला बरं वाटलं. माझ्या कामाला या घरात पहिल्यांदा कुणी हत्यार मानलं होतं.

दसऱ्यानंतर सायखेड्याचा फोटोग्राफर त्याची डिस्क घेऊन गेला; कामाच्या गर्दीत मी फक्त चिठ्ठी बघून ती दिली होती. डिस्क नवी होती, फक्त व्हायरसने अडली होती आणि मी ती नीट करून ठेवली होती. उन्हाळ्यातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तीत होते आणि अल्बम अजून व्हायचे होते. फोटोग्राफर लोक अल्बम इतक्या निवांतपणे करतात की तोवर जोडप्याला मूल झालेलं असतं. पण फोटो एवढ्या एकाच ठिकाणी होते, हे त्याने मला दोनदा बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर परत आला आणि उंबऱ्यातूनच ओरडायला लागला. "ताई, ही माझी डिस्क नाय! नवी ठेवून घेतली, अन् मेलेली माझ्या गळ्यात मारली! लोकांच्या लग्नाचे फोटो हायेत त्याच्यात, मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सासरे ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

मी डिस्क हातात घेतली. कंपनी तीच, आकार तोच. वरच्या लेबलावरचा नंबर मात्र दिसत नव्हता, कारण लेबल रॉकेलच्या बोळ्याने घासलं होतं. विळ्यांचा चिकटा आम्ही तसाच काढतो. छपाई फिसकटलेली आणि त्यावर हळद. ‘सायखेडा’ ही माझ्याच हातची चिठ्ठी त्यावर होती, पण सेलोटेप नव्हता. ती कणकेच्या खळीने चिकटवलेली होती.

आमच्या घरात कणकेची खळ करणारं एकच माणूस. मला सगळं कळलं. घासताना चिठ्ठ्या सुटल्या असणार, इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून अंदाजाने लावल्या असणार. पूजेच्या वेळी ‘डेड’ लिहिलेली एक डिस्कही फळीवरच होती आणि नंतर चिठ्ठी बघूनच मी ती खोक्यात टाकली होती. आता ती चिठ्ठी कुठल्या डिस्कवर होती? भंगाराचा खोका कोपऱ्यात होता. तो अजून नेलेला नव्हता, एवढंच नशीब. पण सासरे समोर बसले होते. सासूबाईंचं नाव त्यांच्यापुढे, परक्या माणसापुढे काढायचं माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, "दादा, बसा. डिस्क विकत घेतल्याचं बिल आणलंय ना? त्यावर तुमच्या डिस्कचा नंबर आहे. वीज आली की डिस्कलाच विचारू."

"डिस्कला विचारणार?" फोटोग्राफर म्हणाला. "वा!"

लोडशेडिंग दुपारपर्यंत होतं. तो खुर्चीत पाय हलवत बसला, सासरे ओट्यावरून हलले नाहीत. आत सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या दिवशी भाकरी थापायचा आवाज मला फार हळू वाटला.

वीज आल्यावर मी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी घातली. तीत एचडीपार्म नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टंकायचं, पुढे एक आडवी रेघ, मग आय हे अक्षर आणि डिस्कचा पत्ता. आय लहान लिपीत लिहिला तर मशीन सुरू होताना जे टिपून ठेवलं गेलं तेच दाखवतो. मोठा लिहिला तर आत्ता, थेट डिस्कला विचारतो, आणि ती आपलं मॉडेल, नंबर, सगळं सांगते. मी कायम मोठा वापरते. एकाची चौकशी दुसऱ्याकडे करायची मला सवय नाही.

त्याने आणलेली डिस्क जोडली. आतलं एक अक्षर वाचू देत नव्हती, पण स्वतःचा नंबर बिनचूक सांगितला. बिलावरच्या नंबराशी तो जुळत नव्हता.

"बघा!" फोटोग्राफर उभाच राहिला. "बदललीच ना? मी म्हणत नव्हतो?"

सासरे आत येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. मी मशीन बंद केलं, खोका ओढला, पहिली डिस्क लावली. ती फिरलीच नाही. पुन्हा बंद, दुसरी. तिने नंबर सांगितला, तोही दुसराच. दर वेळी सीडीवरून मशीन सुरू व्हायला जीव जाईल इतका वेळ. मी मनात गंगामाईला साकडं घातलं, हे फोटोग्राफरला कळलं असतं तर त्याने मला जास्तच चोर ठरवलं असतं.

‘डेड’ची चिठ्ठी खळीने लावलेली तिसरी डिस्क मी शेवटी ठेवली होती. धीर होत नव्हता म्हणून. मोठा आय टंकला. पडद्यावर नंबर आला. फोटोग्राफरने बिल पडद्याला चिकटवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग मी डिस्क उघडली आणि कुठल्या तरी नवरीचा हळदीने माखलेला चेहरा समोर आला.

"हीच," तो म्हणाला आणि मटकन बसला. "ही भंगारात चालली होती?" मग त्याला आठवण झाली. "पण मग चिठ्ठ्या बदलल्या कुणी?"

"माझ्याकडूनच झालं," मी म्हटलं. "चूक माझी. दुरुस्तीचे पैसे देऊ नका."

"म्हणूनच मी म्हणत होतो," सासरे म्हणाले. आवाज चढवला नाही. "आवरा आता हे. उद्यापासून फुलं इथंच."

"तिनं नाय," दारातून सासूबाई म्हणाल्या. हाताला पीठ तसंच होतं. "म्या पुसल्या पूजेला. चिठ्ठ्या पडल्या, मला ते वाचता येईना, म्या अंदाजानं लावल्या. काय बोलायचं ते मला बोला." मग सासऱ्यांकडे वळल्या. "अन् खोली म्या दिली हाय तिला. फुलं पडवीतच राहतील."

फोटोग्राफर ओशाळला. "नाय हो मावशी, पूजेतच झालं ना," असं काहीतरी म्हणाला, चहासुद्धा प्यायला, डिस्क छातीशी धरून गेला. सासरे मळ्यात निघून गेले. खोलीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

मी सीडी काढली, वायरी गुंडाळल्या. मला रडू येत होतं आणि रागही आला होता. म्हटलं, "आई, कशाला मधे पडलात? मी निभावून नेलं असतं. चारचौघांत तुमचं नाव कशाला?"

सासूबाई मागे राहिलेल्या मेलेल्या डिस्कवरची ‘सायखेडा’ची चिठ्ठी नखाने खरवडून काढत होत्या.

"मी अडाणी बाई," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं तर लोक हसतील अन् सोडून देतील. तुझं चुकलं, तर तुला सोडायचे नाय."