सहावा कप्पा

मित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याशीच भांडत होतो. म्हणजे मनातल्या मनात, अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावात एका सिग्नलला गाडी थांबवून, संध्याकाळी तिला काय काय सुनवायचं याची उजळणी करत. फोनवर तिची लेक यशो होती. "काका... आई इज गॉन." मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना.

भांडण होतं एका कागदावरून. मित्रा म्हणजे संघमित्रा, मूळची नागपूरची, माझ्याच कंपनीत चिप डिझाइन करायची. रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चार-पाच जण फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. अशा गोष्टींचे आराखडे छापून विकले जातात, त्यांना ॲडव्हेंचर म्हणतात. मित्रा ती लिहायची आणि मी छपाईसाठी पानं लावायचो. मी पुण्याचा, त्यामुळे मतांना तोटा नाही. ॲडव्हेंचर कसं, तर पुठ्ठा बांधणीचं, जाडजूड, हातात घेतल्यावर पैसे वसूल वाटावेत असं हवं, हे माझं ठाम मत.

तिचं शेवटचं ॲडव्हेंचर एका बंधाऱ्याचं. वाळवंटातलं गाव, चढत जाणारं पाणी, आणि सगळे बाहेर पडेपर्यंत दरवाजा उघडा राहावा म्हणून त्याचं चाक धरून उभी असलेली एक बाई. मी त्याचं चाळीस पानी पुस्तक केलं आणि आम्ही ते गेमच्या दुकानात एका अनोळखी माणसाला चालवायला दिलं. अशा चाचणीत लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. केमोनंतरचा स्कार्फ डोक्याला गच्च बांधून मित्रा कोपऱ्यात बसली. पाणी चढलं, खेळणारे खुर्च्यांच्या कडेला सरकले... आणि तो बिचारा "वन मिनिट, वन मिनिट" करत पानं उलटत राहिला. नकाशा मागे, दरवाजाची माहिती पुढे. एकानं फोन काढला, दुसरा उठून कॉफी आणायला गेला. मित्राची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"पाह्यलं ना शेखर?" पार्किंगमध्ये ती फणकारली. "तो पानंच पलटवून राहिला अन् सगळी भीती पळून गेली."

"इंडेक्स टाकू की!"

"इंडेक्स नको. एकच कागद. दोन घड्या, दोन्ही बाजूंचे मिळून सहा कप्पे. अन् सहावा कोरा."

"कोरा? लोक म्हणतील छपाई चुकली."

"म्हणू दे. ती जागा चालवणाऱ्याची. मी टेबलावर नसताना चाललं पाहिजे, यार... यशोला चालवता आलं पाहिजे."

मला काही ते पटलं नाही. उरलेले महिने ती आजाराशी झगडत वाक्यं छाटत राहिली. पाच कप्पे पुरे झाले. सहाव्यात निदान नकाशा तरी टाकू, हे मी त्या संध्याकाळी तिला सांगणार होतो.

मागच्या रविवारी यशोनं आम्हाला बोलावलं. तिनं आजवर खेळ कधी चालवला नव्हता. फसलं तर ही पोर पुन्हा या टेबलाला शिवणार नाही, आणि आईचा शेवटचा हट्टही वाया जाईल, या धास्तीनं मी फासे मुठीत घट्ट धरून बसलो होतो. पण तिनं पान शोधलं नाही. एकदा कागदाकडे बघायची, मग थेट आमच्या डोळ्यांत. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा कुणाला चहाची आठवण नव्हती. आम्ही गावकऱ्यांना घेऊन दाराबाहेर पोचलो. तेव्हा खोडीनं म्हणा, सवयीनं म्हणा, मी विचारलं, "त्या बाईला म्हणतो, तू का नाही येत आमच्याबरोबर?"

विचारलं आणि जीभ चावली.

यशोनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटला. अंगठा सहाव्या कप्प्यावर येऊन थांबला. तिथं काहीच नव्हतं... मराठीत विचारलेल्यालाही इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी. मान वर करून हळूच मराठीत म्हणाली, "चाक कुणीतरी धरायला लागतं ना, काका. तुम्ही निघा."

मग पेन्सिल घेऊन तिनं ते वाक्य सहाव्या कप्प्यात लिहून ठेवलं. मी रडलो, सगळ्यांदेखत.

काल छपाईवाल्याचा फोन आला. एक भाग कोरा दिसतोय, फाइल चुकली का? म्हटलं, नाही, तसंच छापा. चौथ्या कप्प्यात तिनं एवढं भरलंय की टाइप बारीक करावा लागला, हे मात्र मी मित्राला आजही ऐकवीन. यशोचा कागद अजून त्या टेबलावरच आहे, सहावा कप्पा वर करून ठेवलेला.