साडूभाऊ आणि जगभरच्या पदव्या

माणसाचं नाव विचारण्याआधी त्याची पदवी विचारणारा, आणि ती कळली की परदेशात तिला काय किंमत आहे हे त्याच्या तोंडावर सांगून टाकणारा इसम पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल. तो नेमका माझ्याच नात्यात यावा, याला काय म्हणावं? माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान, म्हणजे आमचे साडूभाऊ. खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. कुठल्या देशाची परीक्षा आपल्याकडच्या कुठल्या इयत्तेच्या बरोबरीची, हे त्यांनी बघायचं. या बरोबरीला ते 'समकक्षता' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा आरतीला उभ्या राहिलेल्या माणसासारखा होई. निवृत्तीनंतर ते खांदा कॉलनीतल्या घरात निवांत बसतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ऑफिस सुटलं, समकक्षता सुटली नाही.

त्यांच्याबरोबर चारचौघांत जायचं म्हणजे मान खाली घालूनच जायचं. पनवेलच्या एका लग्नात वरबाप कौतुकाने म्हणाले, "चिरंजीव विलायतेहून मास्टर्स करून आले." साडूभाऊंनी विचारलं, "एक वर्षाचं की दोन?" "एक." "मग आपल्याकडे ते धरायचं की नाही, हा वादाचा मुद्दा आहे," असं म्हणून त्यांनी शांतपणे जिलेबी मागून घेतली. माझ्या घशातली जिलेबी मात्र खाली उतरेना. दाताच्या डॉक्टरीणबाई त्यांची दाढ कोरत असताना त्यांनी हात वर केला. बाईंनी घाबरून यंत्र थांबवलं, "दुखतंय का काका?" "नाही हो. तुमची पदवी अमेरिकेत जशीच्या तशी चालत नाही, पुन्हा शिकावं लागतं. माहीत असू द्या." बाहेरच्या बाकावर मला ते सगळं ऐकू आलं आणि मी चपला घालून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. करंजाला मासळी आणायला गेलो तर तिथेही तेच. कोळणीची मुलगी बारावी झाली म्हटल्यावर साडूभाऊ म्हणाले, "इंग्लंडात एक वर्ष कमी पडेल हो." ती बिचारी कोलंबीचा वाटा पुढे सरकवत म्हणाली, "माझी पोर नाय चालली इंग्लंडला. तुमाला कोलंबी घ्यायची हाय का नाय?"

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग त्यांच्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली. सून ऋता इथे एका शाळेत गणित शिकवायची, बी.एस्सी., बी.एड., कायम झालेली नोकरी, मुलं जीव टाकायची तिच्यावर. तिने आमच्या सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, राजीनामा देऊ की बिनपगारी रजा मागू?" साडूभाऊ सोफ्यावर ताठ बसले. "रजा कशाला? तुझं शिक्षण तिथे सरळ समकक्ष. मी सांगतो ना!" ताई म्हणाल्या, "अहो, एकदा नीट बघा तरी." त्यावर ते नुसते हसले. ऋताने राजीनामा दिला.

तिथे गेल्यावर कळलं, की त्या देशात शाळेतल्या शिक्षकाला दोन विषय लागतात. हिचा एकच. दुसरा विषय पुन्हा कॉलेजात जाऊन शिकायचा, आणि त्याआधी भाषा पक्की करायची. तोवर ती एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायला.

साडूभाऊ आमच्याकडे यायचे बंद झाले. एके दिवशी ताईंचा फोन आला. "तुम्ही जरा येऊन जा. हे कोणाशी बोलत नाहीत. ऋताचा फोन आला, की बाथरूममध्ये जाऊन बसतात."

मी गेलो. साडूभाऊ खिडकीशी बसले होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "मला दोन विषयांचं माहीत नव्हतं. आपल्याकडे कोण आला तर काय धरायचं, तेवढंच मला येतं. आपला माणूस तिकडे गेला तर त्याचं काय धरतात, ते कधी बघितलंच नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची सवयच नाही हो मला."

"होतं असं," मी म्हटलं.

"नाही. किती पोरांना मी ऑफिसच्या खिडकीतून सांगितलं असेल, 'एक वर्ष कमी पडतं. पुढचा कोण?' ते वर्ष त्या पोराने कुठून आणायचं, हा विचार कधी शिवला नाही. आता घरातच..."

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर ऋताचं नाव. साडूभाऊ बाथरूमकडे निघाले. मी त्यांचा हात धरला आणि ताईंनी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. व्हिडिओ कॉल होता, पण त्यांनी तो असा काही धरला, की तिला चेहरा दिसू नये.

"बाबा, नुसतं कपाळ दिसतंय तुमचं."

"तेवढंच राहू दे, पोरी. बाकीचं दाखवण्यासारखं नाही. तुझी नोकरी मी घालवली."

पलीकडून ती म्हणाली, "राग आला होता बाबा. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. पण तुम्ही फोनवर येत नाही, त्याचा जास्त आहे."

साडूभाऊंचा हात हळूहळू खाली आला. सुनेला त्यांचा चेहरा दिसला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "अहो बाबा, दाढी किती वाढलीय! जेवता तरी का नीट?"

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिथली पोरं... ऐकतात का गं तुझं?"

ती सांगू लागली. ताई चहा टाकते म्हणत होत्या, पण मी खुणेनेच नको म्हटलं आणि दार हळूच ओढून घेतलं. जिना उतरताना तिचा आवाज कानावर येत होता. मध्ये साडूभाऊंनी एकदाही तोंड घातलं नाही.